उंबरा ओलांडताना : अ‍ॅगोराफोबिया आणि त्यावरचे उपचार

भायखळा सोडलं की मध्य रेल्वेची जलद लोकल थेट दादरला थांबते. चिंचपोकळी, करी रोड, परळ ही स्टेशनं खिडकीतून मागे पडत जातात. एरवी काही मिनिटांचा पल्ला. पण डब्यात उभ्या असलेल्या एखाद्या बाईच्या छातीत नेमकं याच पल्ल्यात धडधडायला लागतं. हातांना मुंग्या येतात, घशाला कोरड पडते, पायाखालचं हलतंय असं वाटतं आणि मनात एकच विचार घुमू लागतो : आता मी इथेच पडणार, आणि गाडी काही थांबायची नाही. दादरला ती उतरते, बाकावर बसते, थोड्या वेळात सगळं ओसरतं. दुसऱ्या दिवशी ती जलद गाडी सोडून धिमी पकडते. पुढे लोकल सोडून बस, मग बसही नको, टॅक्सी. मग टॅक्सीतही कुणाची तरी सोबत हवी. शेवटी तिचं जग लालबागच्या एका गल्लीपुरतं उरतं. घरातले म्हणतात, 'हिला गर्दी सोसत नाही.' तीही तेच म्हणू लागते.

अ‍ॅगोराफोबिया बहुतेक वेळा असाच पायरीपायरीने घरात शिरतो. त्याचं निदान करता येतं, त्यावर कसून तपासलेले उपचार आहेत आणि त्यांनी माणसं पुन्हा कामाला, बाजाराला, लग्नाकार्याला जाऊ लागतात. तरीही तो वर्षानुवर्षं लपून राहतो, कारण घरात बसून राहिलेल्या माणसाला आजारी समजायची आपल्याला सवय नाही.

भीती नेमकी कशाची?

मोकळ्या जागेची भीती, अशी या विकाराची ढोबळ ओळख करून दिली जाते. ती अपुरी आहे. भीती जागेची नसते, अडकण्याची असते. इथून पटकन निघता येणार नाही, काही झालं तर मदत मिळणार नाही, चारचौघांत आपली शोभा होईल, ही खरी धास्ती. अमेरिकन मनोविकार संघटनेने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या 'डीएसएम-५' या निदानपुस्तिकेत पाच प्रकारचे प्रसंग दिले आहेत : सार्वजनिक वाहनं, मोकळ्या जागा, बंदिस्त जागा, रांग किंवा गर्दी, आणि घराबाहेर एकटं असणं. यांपैकी किमान दोन प्रसंगांची भीती, ती टाळण्याची धडपड, साधारण सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ टिकलेली, आणि तिच्यामुळे रोजच्या जगण्याची झालेली कुचंबणा, असं असेल तर हे निदान केलं जातं.

हे पाचही प्रसंग मुंबईच्या गिरगाव ते दादर या पट्ट्यात एका दिवसात भेटतात. लोकल आणि बेस्टची बस. गिरगाव चौपाटी नि शिवाजी पार्कचा पसारा. लिफ्ट, नाट्यगृह आणि आता भूमिगत मेट्रो. दादरच्या फुलबाजाराची रेटारेटी, लालबागच्या राजाच्या दर्शनाची रांग. आणि केईएम रुग्णालयात दाखल असलेल्या नातेवाइकाला एकट्याने डबा घेऊन जाणं. बाहेरगावच्या माणसाला यातला एखादा प्रसंग महिन्यातून एकदा टाळावा लागेल. परळच्या माणसाला टाळायचंच झालं तर नोकरी सोडावी लागते.

हे प्रमाण मामुली नाही. 'डीएसएम-५'नुसार दर वर्षी किशोरवयीन आणि प्रौढ मिळून साधारण १.७ टक्के लोकांना हा विकार असतो. पुरुषांच्या जवळपास दुप्पट स्त्रियांना. बहुतेकांत तो किशोरवयाच्या अखेरीस किंवा तरुणपणी सुरू होतो, म्हणजे शिक्षण, नोकरी, लग्न या सगळ्यांच्या ऐन उंबरठ्यावर. उतारवयातही तो येतो, पण तिथे निमित्त वेगळं असतं. उखडलेल्या फुटपाथवर एकदा पडणं, जिन्यात तोल जाणं, आणि मग 'पुन्हा पडलो तर' या धास्तीने बाहेर जाणंच बंद होणं. घरचे त्याला म्हातारपण म्हणतात आणि विषय संपवतात.

धडधडीचं चक्र

बऱ्याच रुग्णांत सुरुवात पॅनिकच्या झटक्याने होते. शरीराची संकटाशी झुंजायची यंत्रणा संकट नसतानाच सुरू होते. हृदय जोरात धावतं, श्वास भराभर होतो, त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यातून मुंग्या, चक्कर, हलकं डोकं अशी लक्षणं येतात. झटका बहुधा काही मिनिटांत टोकाला पोचतो आणि ओसरतो. तो जीवघेणा नसतो, पण ज्याला येतो त्याला मरणच समोर दिसतं.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ साली या चक्राची नेमकी मांडणी केली. शरीरातल्या साध्या खळबळीचा माणूस भयंकर अर्थ लावतो : धडधड म्हणजे हार्ट अटॅक, चक्कर म्हणजे बेशुद्धी. त्या अर्थाने भीती वाढते, भीतीने धडधड वाढते आणि अर्थ खरा वाटू लागतो. माणूस गाडीतून उतरतो, लक्षणं ओसरतात, आणि मन नोंद करतं की उतरलो म्हणून वाचलो. न उतरताही ती ओसरलीच असती, हे शिकायची संधी हुकते.

ही टाळाटाळ म्हणजे गिरणगावातल्या जुन्या सावकारी कर्जासारखी. हातात रोकड लगेच पडते, व्याज मात्र दर महिन्याला चढत जातं. आज लोकल टाळल्याचा दिलासा खरा असतो. त्याची किंमत म्हणून उद्या आणखी एक रस्ता बंद होतो.

दीडशे वर्षांचा मागोवा

या विकाराला नाव मिळालं ते १८७१ साली. बर्लिनचे मनोविकारतज्ज्ञ कार्ल वेस्टफाल यांनी शहरातले मोठे चौक ओलांडताना घाबरंघुबरं होणाऱ्या तीन पुरुषांचं वर्णन केलं. सोबत कुणी असलं की त्यांची भीती कमी होते, हेही त्यांनी टिपलं होतं. पुढे फ्रॉइडनेही १९१९च्या निबंधात कबूल केलं की अशा रुग्णांना नुसत्या विश्लेषणाने बरं वाटत नाही. त्यांना रस्त्यावर उतरून भीतीशी झुंजायला लावावं लागतं. आजच्या उपचाराचं बीज त्या कबुलीत आहे.

जोसेफ वोल्पी यांनी १९५८ साली भीतीची शिडी करून एकेक पायरी चढण्याची पद्धत मांडली. लंडनमध्ये आयझॅक मार्क्स यांनी प्रत्यक्ष रस्त्यावर, दुकानात, बसमध्ये जाण्याच्या उपचाराला भक्कम पुराव्याचा पाया दिला. त्याच सुमारास अमेरिकेत डोनल्ड क्लाइन यांना इमिप्रामीन या औषधाने पॅनिकचे झटके थांबतात असं आढळलं. आधी अ‍ॅगोराफोबिया की आधी झटका, हा वाद मात्र पुढे बराच काळ चालला. १९८०च्या निदानपुस्तिकेनंतर अ‍ॅगोराफोबिया पॅनिकची सावली मानला जाऊ लागला होता. २०१३ साली त्याला पुन्हा स्वतंत्र निदानाचा दर्जा मिळाला, कारण काही रुग्णांना कधीच पुरता झटका आलेला नसतो.

मुंबईही या प्रवासात कोरडी नव्हती. परळच्या केईएम रुग्णालयात मनोविकार विभागाचे प्रमुख असलेल्या डॉ. एन. एस. वाहिया यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०-७०च्या दशकांत पतंजलींच्या योगविचारावर आधारलेली उपचारपद्धती रुग्णांवर तपासून पाहिली आणि तिचे निष्कर्ष वैद्यकीय नियतकालिकांत मांडले. प्रा. कि. मो. फडके यांनी अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती मराठी वाचकापर्यंत आणली. 'मला गाडीत चक्कर आली तर ते वाईट असेल, पण भयंकर आणि असह्य असेल का?' हा त्या पद्धतीचा रोकडा प्रश्न अ‍ॅगोराफोबियाच्या थेट मुळाशी जातो. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली ठाण्यात उभ्या केलेल्या आयपीएच या संस्थेने हाच विचार मराठी घराघरांत पोचवला.

या शहरातली भीती खोटी नाही, पण तिचं माप चुकतं

मुंबईत हा विकार समजून घेताना एक पेच पडतो. इथल्या काही भीती रास्त आहेत. २९ सप्टेंबर २०१७ रोजी तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड, म्हणजे आजच्या प्रभादेवी स्टेशनच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी झाली आणि २३ जण गेले. ११ जुलै २००६ला पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत सात स्फोट झाले. १९९३च्या मार्चमध्ये प्लाझा सिनेमाजवळ, २०११च्या जुलैमध्ये ऑपेरा हाउस, झवेरी बाजार आणि दादरला स्फोट झाले. उपनगरी रेल्वेच्या रुळांवर आणि गाड्यांतून पडून दर वर्षी दोन हजारांहून अधिक माणसं मरतात. अशा शहरात 'भीती निराधार आहे' असं सरसकट सांगणारा उपचारक विश्वास गमावतो.

म्हणून इथे भीतीची वर्गवारी आधी करावी लागते. दारात लटकायला घाबरणं हे शहाणपण आहे, त्यावर उपचार नको. दुपारच्या रिकाम्या डब्यात बसायलाही धीर होत नसेल तर तो विकार. स्फोट किंवा चेंगराचेंगरी स्वतः अनुभवलेल्या माणसाला तेच दृश्य पुन्हा पुन्हा दिसत असेल, स्वप्नांत येत असेल, तर ते आघातोत्तर ताणाचं लक्षण असू शकतं आणि त्याचा उपचार वेगळ्या वाटेने जातो. 'लोक काय म्हणतील' हीच भीती मुख्य असेल तर सामाजिक भयगंड, आणि बाहेर जायची इच्छाच मेली असेल तर नैराश्य, हेही पाहावं लागतं. अनेकांत यातलं एकाहून अधिक काही एकत्र नांदतं.

स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक पदर आहे. रस्त्यात अचानक लघवीला किंवा शौचाला लागेल आणि सोय मिळणार नाही, ही भीती निदानपुस्तिकेतही नोंदलेली आहे. मुंबईत स्त्रियांच्या मोफत, स्वच्छ मुताऱ्यांसाठी २०११च्या सुमारास 'राइट टू पी' मोहीम उभी करावी लागली, यावरून ही भीती कुठल्या जमिनीत रुजते ते कळतं. रुग्णाला धीर देणं जितकं गरजेचं, तितकंच स्टेशनावरचं शौचालय उघडं आणि स्वच्छ असणंही.

राहणीही बदलली. चाळीत गॅलरीतून जाणाऱ्या-येणाऱ्यावर सगळ्यांची नजर असे. चार दिवस कुणी दिसलं नाही तर शेजारीण दार ठोठावत असे. गिरगावच्या वाड्या आणि परळ-लालबागच्या चाळी पाडून टॉवर उभे राहिले, दारं बंद झाली. किराणा, औषधं, जेवण सगळं दारात येऊ लागलं. २०२०च्या टाळेबंदीनंतर काही नोकऱ्याही घरातूनच होऊ लागल्या. या सोयींनी अनेकांचं जगणं सुकर केलं, पण अ‍ॅगोराफोबियाला लपायला याहून चांगली जागा मिळाली नसती. त्यात बाई घरातच असते याला आपल्याकडे वळण म्हणतात. पुरुष मात्र 'धंद्यात लक्ष लागत नाही' असं काहीतरी सांगून नोकरी सोडतो, दारूचा आधार घेतो आणि खरं कारण कुणालाच सांगत नाही.

आधी शरीराची तपासणी

धडधड आणि चक्कर यांना दरवेळी मनाच्या खात्यावर टाकणंही चूक. थायरॉइडची अतिक्रियाशीलता, रक्तक्षय, हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता, साखर कमी होणं, कानाच्या आतल्या भागातले दोष यांतही अशीच लक्षणं येतात. म्हणून फॅमिली डॉक्टरकडून एकदा नीट तपासणी, ईसीजी आणि आवश्यक रक्ततपासण्या व्हायला हव्यात. छातीत पहिल्यांदाच जोराचं दुखत असेल, तर पॅनिक समजून घरी थांबू नये. थेट रुग्णालय गाठावं.

पण तपासणी एकदा. 'रिपोर्ट नॉर्मल' आल्यावरही दर महिन्याला नवा ईसीजी काढत राहणं हाही भीतीलाच दिलेला खुराक असतो. 'गॅस झाला असेल', 'बीपी लो झालं', 'बाहेरचं काहीतरी असेल' या वाटांवर कित्येक वर्षं खर्ची पडतात. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या मनोविकारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपर्यंत पोचलेलेच नव्हते.

शिडी : करी रोड ते दादर

उपचाराचा कणा आहे टाळलेल्या जागी ठरवून, क्रमाने, पुन्हा पुन्हा जाणं. आणि त्याच्या जोडीला विचारांची तपासणी. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांत पॅनिकसाठी या उपचाराला एकूण ७ ते १४ तास पुरेसे मानले आहेत. तीव्र अ‍ॅगोराफोबियाला अधिक वेळ लागतो, पण जन्मभर लागत नाही.

लालबागच्या त्या बाईसाठी शिडी कशी असेल? प्रत्येक पायरीला भीतीचे शंभरपैकी गुण देऊन ती रचली जाते. पहिली पायरी, इमारतीखाली एकटीने उतरून कोपऱ्यापर्यंत जाणं. दुसरी, दुपारच्या वेळी लालबागच्या मसाला बाजारात जाऊन पावशेर धणे घेणं आणि लगेच न परतता तिथेच थोडं थांबणं. तिसरी, करी रोड स्टेशनचा जिना चढून-उतरून फलाटावर बसणं आणि गाड्या जाऊ देणं. चौथी, दुपारच्या धिम्या गाडीने एकच स्टेशन, परळपर्यंत. पाचवी, दादरपर्यंत. सहावी, उलट्या दिशेने भायखळ्याला जाऊन तिथून दादरची जलद गाडी पकडणं. जिथे सगळं सुरू झालं तोच पल्ला. त्यापुढे थोडी गर्दीची वेळ, मग मेट्रो-३चा भुयारी प्रवास, आणि गणपतीत एखाद्या मंडळाच्या दर्शनाची रांग. दोन-तीन मिनिटांवर येणारी स्टेशनं, कधीही उतरता येईल अशी धिमी लोकल, दर कोपऱ्यावर दुकान : ज्या शहराने भीती दिली, तेच शहर सरावालाही इतकं सोयीचं आहे.

प्रत्येक पायरीआधी वहीत लिहायचं : मला काय होईल असं वाटतंय? 'दादरच्या आत मी बेशुद्ध पडेन.' परत आल्यावर लिहायचं : काय झालं? अमेरिकेतल्या मिशेल क्रास्के यांच्या संशोधनाने या नोंदीचं महत्त्व वाढवलं. प्रवासात भीती शून्यावर येणं आवश्यक नसतं. भाकीत खोटं ठरलं, आणि भीती असूनही पोचता आलं, हा धडा मेंदूने घेणं आवश्यक असतं. म्हणूनच एखादी पायरी एकदा जमली की सोडायची नसते. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वेळी ती पुन्हा चढायची असते.

हळूहळू कुबड्याही काढाव्या लागतात. पर्समधली पाण्याची बाटली, सतत कानाला लावलेला मोबाइल, दाराजवळचीच जागा, ब्लाउजच्या खिशात जपलेली गोळी. या प्रत्येकीमुळे 'हे होतं म्हणून वाचले' असाच निष्कर्ष निघतो. काही उपचारक शरीराच्या लक्षणांचाही सराव घेतात : जिने भराभर चढायचे, खुर्चीत गोल फिरायचं, मुद्दाम जलद श्वास घ्यायचा. धडधड आणि चक्कर आली तरी काही बिघडत नाही, हे त्यातून अंगात मुरतं. हृदयविकार, दमा, अपस्मार किंवा गरोदरपण असेल तर हा सराव डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. पॅनिकमध्ये कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना उपायही धोक्याचा. श्वास सोडताना वेळ लावणं, सावकाश प्राणायाम यांनी शरीर निवतं. पण दर वेळी त्यांचाच धावा केला तर तीही एक कुबडीच होते.

औषधं

सर्ट्रालीन, एस्सिटॅलोप्रॅम यांसारखी एसएसआरआय गटातली औषधं आज पहिल्या पसंतीची आहेत. ती कमी मात्रेने सुरू करतात, कारण पहिल्या काही दिवसांत अस्वस्थता वाढल्यासारखी वाटू शकते. गुण यायला काही आठवडे लागतात आणि बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने ते वर्षभर ती चालू ठेवून मग टप्प्याटप्प्याने कमी करतात. या औषधांची सवय लागते हा समज चुकीचा. ती एकदम बंद केल्यावर त्रास होतो, म्हणून आपल्या मनाने थांबवू नयेत.

सवय लागते ती अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांसारख्या गोळ्यांची. त्या अर्ध्या-एक तासात हायसं वाटायला लावतात आणि म्हणूनच मागे लागतात. थोड्या काळापुरती, देखरेखीखाली त्यांची जागा आहे. शेजारणीच्या चिठ्ठीवर केमिस्टकडून आणून वर्षानुवर्षं घेण्यात नाही. डेव्हिड बार्लो यांच्यासह अनेकांनी पॅनिकच्या ३१२ रुग्णांवर केलेला, २००० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास इथे उद्बोधक आहे. उपचार चालू असताना औषध आणि मानसोपचार दोन्ही उपयोगी ठरले. थांबवल्यानंतर मात्र मानसोपचाराने मिळालेला फायदा अधिक टिकला. शिकलेलं टिकतं, एवढाच त्याचा अर्थ. औषधांनी पहिली पायरी चढायचं बळ मिळत असेल, तर ती जरूर घ्यावीत.

घरच्यांचं काम

या विकारात घरच्यांची माया बऱ्याचदा उलटी पडते. नवरा रोज सोबत जातो, मुलगी बाजार करते, सासूबाई म्हणतात, 'तू नको येऊस लग्नाला, तुला त्रास होतो.' प्रत्येक जण मनापासून मदत करत असतो आणि प्रत्येक मदतीगणिक तिचा एकेक रस्ता बंद होत असतो. दुसऱ्या टोकाला 'ही सगळी नाटकं आहेत' म्हणून एकदम गर्दीत लोटणारेही असतात. त्याने भीती आणखी पक्की होते.

मधला मार्ग उपचारकाच्या मदतीने ठरवता येतो. सोबत द्यायची, पण टप्प्याटप्प्याने काढून घ्यायची : आधी शेजारी, मग पुढच्या डब्यात, मग दादरच्या फलाटावर वाट पाहत, मग फक्त फोनवर, शेवटी तोही नाही. झटका आला तर 'चल, परत जाऊ' न म्हणता 'थांबूया, ओसरेल' म्हणायचं. आणि धीटपणाला दाद द्यायची, भीती वाटली नाही याला नव्हे.

मदत कुठे, आणि काय कमी आहे

परळचं केईएम, मुंबई सेंट्रलचं नायर ही महापालिकेची, आणि भायखळ्याचं जे. जे. हे सरकारी रुग्णालय. तिन्हीकडे मनोविकार विभाग आहेत आणि उपचार माफक खर्चात होतात. घराबाहेर पाऊलच पडत नसेल तर सुरुवात फोनने करता येते. १० ऑक्टोबर २०२२पासून सुरू झालेल्या टेली-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. ती मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारांसाठी शारीरिक आजारांसारखंच संरक्षण देणं बंधनकारक केलं आहे, तेव्हा पॉलिसी असेल तर त्याची चौकशी करावी. औषधासाठी मनोविकारतज्ज्ञ आणि शिडीच्या सरावासाठी प्रशिक्षित चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, असे दोघे लागू शकतात. 'तुम्ही प्रत्यक्ष बाहेर जाण्याचा सराव करून घेता का?' हे मानसशास्त्रज्ञाला पहिल्याच भेटीत विचारावं. नुसत्या गप्पांनी हा विकार हलत नाही.

उणीव आहे ती इथेच. ज्याला रांगेत उभं राहता येत नाही, त्याला उपचारासाठी आधी ओपीडीच्या रांगेतच उभं राहावं लागतं. तिथे मिळालेल्या मोजक्या मिनिटांत औषध लिहून होतं. स्टेशनापर्यंत सोबत यायला कुणाला सवड नसते. ऑक्सफर्डच्या डॅनियल फ्रीमन यांच्या गटाने तीव्र मनोविकार असलेल्या ३४६ रुग्णांवर आभासी वास्तवाचा चष्मा वापरून केलेला प्रयोग २०२२ साली प्रसिद्ध झाला. दुकान, बस, रस्ता यांचा सराव खोलीत बसून करता येतो आणि ज्यांची भीती सर्वांत तीव्र होती त्यांना सर्वाधिक लाभ झाला, असं त्यात दिसलं. अशी साधनं येतील तेव्हा येतील. त्याआधी आपल्या सार्वजनिक रुग्णालयांत मानसशास्त्रज्ञांची पुरेशी पदं हवीत, आणि आठवड्यातली एखादी दुपार त्यांनी रुग्णाबरोबर करी रोडच्या फलाटावर घालवणं हा त्यांच्या कामाचाच भाग मानला जायला हवा. भीती जिथे बसली आहे, उपचारही तिथवर चालत गेला पाहिजे.